नक्षी शाबूत, हवा बरोबर, तरी दर हंगामात ट्रॉलीचा टायर फुटतोय? बाजूचे चार आकडे वाचा

सलग तीन उन्हाळे आमच्या ट्रॉलीचं एकच रडगाणं होतं. उन्हाळ कांदा काढला, साटा भरला, लासलगावची वाट धरली की कुठे ना कुठे धाडकन आवाज व्हायचा आणि ट्रॉली एका अंगाला बसायची. मळा निफाड तालुक्यात. ट्रॉली चारचाकी, टायर ७.५०-१६ चे नायलॉन, ट्यूबवाले. टायर बघून कोणी म्हणणार नाही की हा फुटेल. गोटा झालेला नाही, नक्षीत बोटाचं टोक आरामात रुतायचं. पंक्चरवाला दर वेळी म्हणायचा, "ऊन लई आहे, भाऊ." निफाडची फक्त थंडीच पेपरात येते, पण ऊनही काही नवीन नाही. मग बाकीच्यांच्या ट्रॉल्या कशा पोचतात?

ज्यांचं असंच होतंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय. मी तीन वर्षं पैसे घातले, ते सगळे नको त्या ठिकाणी.

आधी काय काय करून पाहिलं

पहिल्या वर्षी, २०२२ ला, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) दोन्ही नवी घातली. दुसऱ्या वर्षी संशय हवेवर गेला. स्वतःचं गेज घेतलं, सकाळी टायर थंड असताना मोजायला लागलो. ही सवय चांगलीच आहे, सोडू नका. टायर तापल्यावर हवा वाढलेली दिसते म्हणून वाटेत काढून टाकणारे बरेच आहेत. संध्याकाळी टायर निवला की तीच हवा कमी पडते, दुसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली त्याच नरम टायरवर निघते आणि टायरचं पोट घडी पडल्यासारखं वाकत राहून जास्तच तापतं.

तिसऱ्या वर्षी वजनाचा हिशोब केला. ४५ क्विंटल कांदा म्हणजे साडेचार टन. रिकामी ट्रॉली काट्यावर घातली तर सोळाशे किलो. एकूण ६,१०० किलो, चार चाकांत वाटले तर सरासरी १,५२५. टायरवर १२१/१२० असं लिहिलेलं होतं. हे किलो नाहीत, हा वजनाचा कोड आहे. १२१ म्हणजे एकटा लावला तर १,४५० किलो, १२० म्हणजे जोडटायर लावला तर प्रत्येकी १,४००. म्हणजे प्रत्येक टायरवर आम्ही पाऊणशे किलो जादा लादत होतो. ट्रॉली सावकाश चालते म्हणून टायरला वजनाची थोडी सूट मिळते हे खरं आहे, पण आमच्याकडचे खड्डे ती सूट कधीच खाऊन टाकतात. शिवाय सरासरी ही कागदावरची गोष्ट. वळणावर बाहेरच्या चाकावर किती येतं ते चाकालाच माहीत. मी गुपचूप ४० क्विंटलवर आलो. आता टायरमागे बरोबर १,४०० किलो. निर्धास्त झालो.

आणि त्याच मे महिन्यात विंचूरच्या अलीकडे मागचा उजवा फुटला.

"पंचेचाळीस अकरा"

त्या दिवशी नेहमीचा पंक्चरवाला आला नाही, त्याचे मामा आले. वयस्कर माणूस. टामी लावण्याआधी त्यांनी फुटका टायर ओल्या फडक्याने पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मालक, हा पंचेचाळीस अकराचा हाय. ह्याला अजून किती पळवता?"

मला काही कळलं नाही. त्यांनी माझा अंगठा धरून टायरच्या बाजूवर टेकवला. तिथे बदामाएवढा एक लंबगोल खळगा होता आणि खळग्यात उठावाचे चार आकडे. ४५११. सन २०११ चा पंचेचाळिसावा आठवडा, म्हणजे नोव्हेंबर २०११. ही गोष्ट मे २०२४ ची. टायर साडेबारा वर्षांचा होता आणि आम्ही तो २०२१ मध्ये "दोनच वर्षं चाललाय" या शब्दावर घेतला होता. नाशिकला हायवेच्या कडेला उतरलेले टायर विकतात तिथून. टाटा ४०७ टेम्पोवरून निघालेला माल, वर नक्षी जाड, भाव निम्म्याहून कमी. घेणारे आम्हीच शहाणे, त्यामुळे दुकानदाराला बोल लावण्यात फार अर्थ नाही.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते आधी फुटलेले दोन टायर शोधायचं. दोन्ही कांदाचाळीच्या प्लास्टिकवर वजन म्हणून ठेवले होते. घासून पाहिले. एक ४५११, दुसरा ४४११. तिघं सख्खी भावंडं, एकाच गाडीवरून उतरलेली. ट्रॉलीला चौथा टायर होता तो वेगळीकडून घेतलेला. त्याने तीन वर्षांत एकदाही त्रास दिला नव्हता. त्याचा आकडा ०८१९. तीच ट्रॉली, तोच रस्ता, तेच वजन, तेच ऊन. फरक फक्त जन्माचा.

आकडे कुठे आणि कसे वाचायचे

टायरच्या बाजूवर इंग्रजीत डी, ओ, टी ही तीन अक्षरं शोधा. डीओटी हे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचं संक्षिप्त नाव. त्यापुढे आठ-दहा किंवा जास्त अक्षरं-आकड्यांची माळ असते. सुरुवातीची दोन किंवा तीन अक्षरं कोणत्या कारखान्यात बनला ते सांगतात, मधली साईजची आणि कंपनीच्या अंतर्गत कामाची. ती सोडून द्या. आपल्या कामाचे फक्त शेवटचे चार आकडे. त्यातले पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ०८१९ म्हणजे २०१९ चा आठवा आठवडा, फेब्रुवारीचा उत्तरार्ध. महिना काढायचा तर आठवड्याला सव्वाचाराने भागा, अंदाज बरोबर येतो. बावीस म्हणजे मे संपून जून लागताना, चाळीस म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात. द्राक्षवाल्यांनी चाळीस म्हणजे छाटणी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आपल्याकडच्या काही टायरांवर डीओटी ही अक्षरं नसतात, पण तारखेचे चार आकडे असेच खळग्यात किंवा चौकटीत सापडतात. तो खळगा का असतो तेही मामांनीच सांगितलं. टायर ज्या साच्यात शिजतो त्या साच्यात तारखेची छोटी पट्टी वेगळी बसवलेली असते आणि ती दर आठवड्याला बदलावी लागते. तिच्या कडेची रेघ टायरवर उमटते. बाकीची अक्षरं साच्यातच कोरलेली म्हणून त्यांच्याभोवती अशी रेघ नसते. सातपूरला टायरचा कारखाना असलेल्या जिल्ह्यात जन्म गेला आणि ही गोष्ट मला विंचूरच्या रस्त्यावर कळावी, असो.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी: तारीख बहुतेक वेळा टायरच्या एकाच अंगाला असते. दुसऱ्या अंगाला डीओटीची माळ दिसते, पण शेवटचे चार आकडे गायब. लोक बाहेरून बघतात, आकडे नाहीत म्हणतात आणि उठतात. ते आतल्या अंगाला, एक्सलच्या बाजूला असतात. चाक काढायची गरज नाही. ट्रॉली रिकामी असताना, चाकाला दगड लावून, ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात घालून मगच खाली जा. त्यापेक्षा सोपं म्हणजे मोबाईलचा व्हिडिओ चालू करायचा, टॉर्च लावायचा आणि हात आत घालून टायरभोवती हळू फिरवायचा. नंतर सावलीत बसून व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. अर्धा टायर जमिनीकडे असतो म्हणून ट्रॉली दोन हात पुढे ओढून दुसऱ्यांदा शूटिंग करावं लागतं.

दुसरी अडचण मातीची. आपली काळी माती एकदा खळग्यात बसली की आकडे सपाट होतात. पाण्याने धुवा, वाळू द्या, मग खडू आडवा धरून त्या जागेवर घासा. उठावाचे आकडे पांढरे होतात. शाळेतला साधा खडू चालतो. टॉर्च समोरून मारू नका, तिरका मारा, सावली पडली की आकडा उठून दिसतो.

तिसरी अडचण, भलतेच आकडे तारीख समजून वाचणं. टायरवर आकड्यांची जत्रा असते. ७.५०-१६ ही साईज. १६ पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या ताकदीचा दर्जा. वर्षाशी संबंध नाही. आमच्या शेजारच्या नानांनी "सोळा पीआर म्हणजे २०१६ चा" असं ठरवून टाकलं होतं. वजनाचा कोड वर सांगितलाच. त्याला चिकटून एक अक्षर असतं, ते वेगाचं: जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर, के म्हणजे ११०, शेतीच्या टायरवर ए ८ दिसलं तर ४०. ट्रकच्या टायरवर आयएसआयच्या खुणेसोबत १५६३६ असा पाच आकडी नंबर दिसतो, तो भारतीय मानकाचा क्रमांक. तो टायर प्रमाणित आहे एवढंच सांगतो, कधी बनला ते नाही. साधी खूण अशी: चार आकड्यांतले पहिले दोन ०१ ते ५३ च्या बाहेर गेले तर तुम्ही तारीख वाचत नाही, दुसरंच काही वाचताय. ५३ मात्र चालतं, काही वर्षांना त्रेपन्नावा आठवडा असतो.

आणि चारऐवजी तीनच आकडे मिळाले तर? मग टायर २००० सालाच्या आधीचा. तेव्हा दोन आकडे आठवड्याचे आणि एकच आकडा वर्षाचा असायचा. ४०८ म्हणजे चाळिसावा आठवडा आणि वर्ष १९८८ की १९९८ ते त्याच्यावरून कळतच नाही. हाच घोळ नको म्हणून २००० पासून चार आकडे आले. हसू नका, आमच्या स्टेपनीवर तीन आकडे निघाले. वडिलांच्या जुन्या ट्रॉलीची ती, साट्याखाली उलटी बांधलेली, चिखलाने लिंपलेली. तीन वर्षं टायर फुटला की आम्ही तिच्याच भरवशावर लासलगाव गाठत होतो.

नक्षी आहे तर रबर का मरतं

ट्रकचा टायर झिजून जातो, ट्रॉलीचा टायर म्हातारा होऊन जातो. वर्षातून अडीच-तीन महिने कांदा, मधे थोडं शेणखत, एखादी मुरमाची खेप, की ट्रॉली बांधाला उभी. मीटर असता तर वर्षाला दोन हजार किलोमीटरही भरले नसते. नक्षी झिजणार कुठून? मग माणूस नक्षीकडे बघून फसतो.

रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने हळूहळू कडक होतं. त्याला थोपवण्यासाठी कारखान्यात रबरात मेण आणि काही रसायनं मिसळतात. टायर फिरताना दबतो-सुटतो, त्या मळण्याने आतलं मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि वर पातळ थर धरतं. उभ्या टायरला हे मळणं मिळत नाही. थर उडून जातो, नवा येत नाही, आणि ताणलेल्या जागेवर ओझोन भेग पाडतो. म्हणून न वापरलेला टायर नवा राहतो हा समज उलटा आहे. त्यात ट्रॉली भरलेली तशीच उभी राहिली, भाव पडला म्हणून दोन-चार दिवस, तर एकाच जागी दाबून टायर बसतो ते वेगळंच.

फुटलेल्या ४५११ ची बाजू मी वाकवून पाहिली. वरून काळीभोर, कारण दुकानदाराने पॉलिश मारलेलं. पण अंगठ्याने दाबून वाकवल्यावर आत बारीक बारीक भेगा उघडल्या, मे महिन्यात नांगरट न केलेल्या वावराला पडतात तशा. नखाने टोकरलं तर रबराची भुकटी आली. नव्या टायरवर नख रुतून परत येतं, इथे सरळ घसरलं. सर्वात वाईट भेगा नक्षीच्या बुडाशी, जिथे कोणी बघत नाही.

भेगा दिसल्या नाहीत म्हणून टायर चांगला, असं मात्र समजू नका. जुन्या टायरचे आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात ते बाहेरून दिसत नाही. कधीतरी बाजूला फुगा येतो. फुगा दिसला तर त्या दिवशी ट्रॉली जोडायचीच नाही. त्यावर औषध नाही, गॅटरही (आतून लावायचं जाड ठिगळ) नाही.

मग किती वर्षांचा चालेल

बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी काढा. हे सावलीत उभ्या राहणाऱ्या, नीट वापरल्या जाणाऱ्या टायरचं. उन्हात उभी राहून काठोकाठ भरणाऱ्या ट्रॉलीला मी दहाची मुदत देणार नाही. माझा स्वतःचा नियम आता असा आहे: पाच वर्षांपर्यंत फक्त हवा आणि वजन बघायचं. पाच ते सात, दर हंगामाआधी चाक उतरवून आतूनबाहेरून बघायचं. सातच्या पुढचा टायर कांद्याला नाही. शेतातल्या शेतात शेणखत वाहायला एखादं वर्ष चालवतो, रस्त्यावर नाही. कोणाला हा नियम कडक वाटेल. भरल्या ट्रॉलीचा टायर महामार्गावर फुटल्यावर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की वाटणार नाही.

टायर एकेक बदलायची पाळी आली तर निदान एका एक्सलवरचे दोन्ही सारखे ठेवा. एक नवा फुगीर आणि एक जुना बसका असेल तर वजन नव्यावर जातं.

घेताना

नवा टायर घेताना बिल करायच्या आधी आकडे बघा, आणि बिलावर टायरचा नंबर तारखेच्या आकड्यांसकट लिहून घ्या. सहा-आठ महिने गोदामात राहिलेला टायर घ्यायला हरकत नाही, सावलीत नीट ठेवलेलं रबर एवढ्यात मरत नाही. दीड-दोन वर्षांचा "नवा" देत असेल तर भाव पाडा किंवा दुसरं दुकान बघा. पहिल्यांदा आकडे विचारले तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, टायर काय दूध आहे का तारीख बघायला?" मी म्हटलं, हो, तसंच समज.

उतरलेले टायर घेणाऱ्यांसाठी जास्त जपायची गोष्ट म्हणजे रिमोल्ड. जुन्या सांगाड्यावर नवीन नक्षी चढवलेली असते. रिमोल्ड मुळात वाईट नाही, ट्रकवाले स्वतःच्या टायरवर करून घेतात कारण त्यांना सांगाड्याचा इतिहास माहीत असतो. आपल्याला नसतो. बाजूवरची तारीख सांगाड्याची असते, वरच्या नक्षीची नाही, त्यामुळे हाच आकडा खरं बोलतो. नक्षीचा पट्टा आणि बाजू यांच्या जोडावर बोट फिरवा, किंचित पायरी किंवा रबराच्या छटेत फरक जाणवेल. नक्षी कोरी करकरीत आणि आकडा दहा वर्षांपूर्वीचा, तर उत्तर मिळालं. आणि आकड्यांची जागा पॉलिश पेपरने घासलेली किंवा डांबरासारखं काही फासलेली दिसली तर भाव विचारायच्या भानगडीतही पडू नका.

उभी ठेवताना

हंगाम संपला की साटा रिकामा करून, दोन्ही एक्सलच्या चारही टोकांखाली लाकडी ठोकळे लावून ट्रॉली एवढी उचलतो की टायरवर वजन राहू नये. ऊन लागणाऱ्या बाजूला गोणपाट टांगतो. टायर चमकावेत म्हणून काळं ऑइल किंवा डिझेल फासायची पद्धत आमच्याकडेही होती. ती बंद केली, खनिज तेल रबराला फुगवून मऊ करतं. वेल्डिंग मशीन किंवा मोटर जिथे चालते त्या खोलीत सुटे टायर ठेवत नाही, ठिणग्यांनी ओझोन तयार होतो. महिन्यातून एकदा ट्रॅक्टर जोडून मळ्यातल्या मळ्यात दोन फेऱ्या, टायर मळला जावा म्हणून.

आणि आतल्या अंगाचे आकडे दर वेळी शोधावे लागू नयेत म्हणून फाळक्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने चार चाकांचे चार आकडे लिहून ठेवलेत, पाचवा स्टेपनीचा. गेल्या आठवड्यात वांगेवाल्या शेजाऱ्याने पाण्याच्या टँकरचा टायर दाखवायला बोलावलं. आतून व्हिडिओ काढला, ३६१२ निघाला. टँकर पाच हजार लिटरचा, म्हणजे नुसतं पाणीच पाच टन, आणि चाकं दोन. त्याला संध्याकाळी अर्धाच भर म्हणून सांगून आलोय, टायर सोमवारी येतायत.